मॅरान्ट्झ २२३०: जुन्या रिसिव्हरसोबतचे एक वर्ष

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी मॅरान्ट्झ कंपनीचा २२३० हा रिसिव्हर विकत घेतला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेले हे उपकरण म्हणजे रेडिओ, रेकॉर्डसाठी लागणारा फोनो विभाग आणि दर चॅनेलला (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) ३० वॅट देणारा अॅम्प्लिफायर, हे सारे एकाच पेटीत बसवलेले यंत्र आहे. माझ्याकडे त्याआधीपासून यामाहाचा ए-एस३०१ हा आजच्या काळातला अॅम्प्लिफायर होता आणि तो अजूनही आहे. त्यामुळे वर्षभर दोन्ही उपकरणे एकाच खोलीत, त्याच स्पीकरांवर आणि त्याच टर्नटेबलवर ऐकण्याची संधी मिळाली. जुन्या ध्वनिउपकरणांविषयी लोक फार टोकाने बोलतात. कुणाला त्यांच्यात हरवलेले स्वर्गसुख दिसते, तर कुणाला ती निव्वळ भंगार वाटतात. माझा अनुभव या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि तो सविस्तर मांडावा, असे मनापासून वाटते.

आधी कागदावरचे आकडे पाहू. २२३० ची शक्ती दर चॅनेलला ३० वॅट आणि विकृतीची (यंत्रामुळे मूळ आवाजात होणाऱ्या बदलाची) कमाल मर्यादा ०.५ टक्का. ए-एस३०१ ची शक्ती ६० वॅट आणि विकृती ०.०१९ टक्का. म्हणजे नवे यंत्र दुप्पट ताकदीचे आणि मोजमापात पंचवीसपटीहून स्वच्छ आहे. शिवाय त्याला ऑप्टिकल केबल जोडता येते, रिमोट आहे आणि ते दुकानातून आणले त्या दिवसापासून एकदाही कुरकुरलेले नाही. या आकड्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र जुन्या आकड्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तो ३० वॅटचा दावा २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, आठ ओहमच्या भारावर, सलग देता येणाऱ्या शक्तीचा आहे. त्या काळी अमेरिकेत ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशा नावांनी फुगवलेले आकडे छापण्याची चढाओढ चालू होती. १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम करून ती थांबवली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार हजार वॅट पीएमपीओचे (अशाच फुगवलेल्या शक्तीचे) स्टिकर चिकटवलेले असत. ते ज्यांना आठवतात, त्यांना या ३० वॅटच्या प्रामाणिकपणाची किंमत कळेल. मध्यम आकाराच्या खोलीत हा सेट कधीही अपुरा पडलेला नाही.

सॉल मॅरान्ट्झ यांनी १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही कंपनी १९६४ मध्ये सुपरस्कोप या कंपनीकडे गेली आणि पुढे तिची उपकरणे जपानमध्ये तयार होऊ लागली. २२३० ही त्याच काळातली. दर्शनी भाग जाड अॅल्युमिनियमचा आणि वर अक्रोडाच्या लाकडाची पेटी. डायलच्या काचेमागून येणारा निळसर उजेड ही या मालिकेची ओळखच होय. पण या यंत्राचा जीव आहे तो केंद्र लावण्याच्या चाकात. साधारणपणे रेडिओला गोल बटण असते. इथे मात्र दर्शनी पट्टीतून एका जड आडव्या चाकाची कड तेवढी बाहेर आलेली असते. अंगठ्याने ती हलकेच ढकलली, की चाक स्वतःच्या वजनाने पुढे जात राहते आणि काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तरंगत जातो. बोट टेकवले, की थांबतो. माझी भाची पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिने रेडिओ चालू न करताच ते चाक दहा मिनिटे फिरवले. एवढ्या किरकोळ कामासाठी कुणीतरी बेअरिंगवर तोललेले वजनदार चाक बसवण्याचा खर्च केला, याचेच मला राहून राहून अप्रूप वाटते.

ए-एस३०१ ची घडणही चांगली आहे, हे सांगितलेच पाहिजे. त्याची बटणे नीट फिरतात आणि त्याच्या रूपातही जुन्या यामाहाची आठवण जपलेली आहे. पण त्याची बटणे फिरवताना हाताला फार काही कळत नाही. २२३० चे बास, मिड आणि ट्रेबलचे (खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांचे) प्रत्येक बटण डाव्या आणि उजव्या बाजूसाठी स्वतंत्र फिरते आणि प्रत्येक पायरीला बोटाला बारीकसा टक् जाणवतो. डोळे मिटून ऐकता ऐकता ट्रेबल दोन टक् खाली आणता येतो. एकदा ती सवय लागली, की रिमोट शोधण्याचा कंटाळा येऊ लागतो.

आता खरेदीची गोष्ट. विक्रेत्याने सेट ‘फुल वर्किंग’ असल्याचे सांगितले आणि त्याच्या घरी ऐकवूनही दाखवला. बेचाळीस हजार रुपये मोजून मी तो पुण्याला आणला. घरी वीस मिनिटे वाजल्यावर डावी बाजू खरखरली आणि गेली. बंद करून तासाभराने पुन्हा लावला, तर पुन्हा वीस मिनिटे व्यवस्थित आणि मग तीच खरखर. फोन केल्यावर उत्तर मिळाले, की विकलेली जुनी वस्तू परत घेतली जात नाही. तेव्हा मला फार वाईट वाटले. आज मागे वळून पाहता, सेट किमान तासभर वाजवून बघण्याचा आग्रह धरायला हवा होता, हे कळते. यंत्र तापल्यावरच ज्यांचे दोष बाहेर येतात, अशी ही उपकरणे आहेत. जो विक्रेता तासभर थांबू देत नाही, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चार ठिकाणी चौकशी केल्यावर एका दुरुस्ती करणाऱ्या काकांचा पत्ता मिळाला. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आणि दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मी गेलो, तेव्हा त्यांनी सेटला हातही न लावता आधी विचारले, “तुम्ही हा थेट प्लगात तर लावला नाहीत ना?” हा प्रश्न रास्त होता. अमेरिकेसाठी बनलेला हा सेट १२० व्होल्टचा आहे आणि आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नसेल, तर सेट जळायला क्षणभरही लागत नाही. विक्रेत्याने ट्रान्सफॉर्मर सोबत दिला होता, हे ऐकल्यावर काकांनी शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब वायरमध्ये सिरीजमध्ये जोडला आणि मग बटण दाबले. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि हळूहळू मंद झाला. “कंडेन्सर भरले. शॉर्ट नाही. आता बोला,” असे म्हणून ते खुर्चीत बसले. कंडेन्सर म्हणजे आत वीज साठवणारे भाग. बल्ब पेटलेलाच राहिला असता, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजायचे आणि तरीही सेटला धक्का लागला नसता, कारण सगळा भार बल्बनेच घेतला असता. शंभर रुपयांच्या आत तयार होणारी ही परीक्षा, पण जुना सेट विकत घेणाऱ्या प्रत्येकाने आधी ती करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पाच-सहा मिनिटांनी त्यांनी वरचे झाकण काढले आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने आतल्या एकेका सर्किटच्या पट्टीवर हलके टिचक्या मारायला सुरुवात केली. टोन कंट्रोलच्या पट्टीवर टिचकी बसताच डावी बाजू खरखरली. भिंगातून पाहिल्यावर सोल्डरच्या एका टाक्याभोवती केसाएवढी गोल भेग दिसली. याला त्यांच्या भाषेत ड्राय सोल्डर म्हणतात. धातू तापून फुगला, की भेग उघडते आणि थंड झाला, की मिटते. माझ्या वीस मिनिटांच्या कोड्याचे उत्तर ते होते. तो टाका पुन्हा भरल्यावर सेट वाजू लागला. पण काकांनी तिथेच थांबू दिले नाही. पन्नास वर्षांत आतले रसायन सुकून गेलेले चाळीसेक इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर त्यांनी बदलले, फोनोच्या पट्टीवरचा चुरचुरणारा ट्रान्झिस्टर काढला, सगळी बटणे आणि स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले, बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा ठरावीक प्रवाह) पुन्हा लावला आणि डायलमागचा भाजून तपकिरी झालेला कागद बदलला. तीन आठवडे आणि अकरा हजार रुपये लागले. म्हणजे हा सेट मला त्रेपन्न हजारांना पडला. कुणी मला या यंत्राची किंमत विचारली, तर मी हाच आकडा सांगतो, कारण दुरुस्तीचा खर्च न धरता जुन्या उपकरणाची किंमत सांगणे म्हणजे समोरच्याची दिशाभूल करणे आहे.

त्या तीन आठवड्यांत मी दोनदा काकांकडे जाऊन बसलो आणि या यंत्राचे मोठेपण मला ऐकण्याआधी तिथे दिसले. आतली प्रत्येक पट्टी स्क्रूवर बसवलेली आहे. प्रत्येक भाग सुटा आहे, बोटांच्या चिमटीत येईल एवढा आहे आणि त्याचा क्रमांक पट्टीवर छापलेला आहे. कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट असायला हवेत, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले आहे. ज्याने हे बनवले, त्याने उद्या हे कुणीतरी उघडणार आणि दुरुस्त करणार, हे गृहीत धरून बनवले आहे. याच्या उलट काकांच्या मागच्या फळीवर एक चार वर्षांचा साउंडबार पडून होता. त्याचे सगळे काम एका बोटभर चिपमध्ये चालते, ती चिप गेली होती आणि सुटी मिळत नव्हती. “याला आता काय करणार?” एवढेच ते म्हणाले. नव्या यंत्रांची ध्वनीची गुणवत्ता नाकारण्याचे कारण नाही. पण एक भाग गेला की पूर्ण यंत्र टाकून द्यावे लागते, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

आता आवाजाकडे वळतो. जुन्या सेटमध्ये ‘ऊब’ असते, असे सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून मी ती तपासायचे ठरवले. एक किलोहर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला आणि दोन्ही यंत्रांचा आवाज एकाच व्होल्टेजवर आणला. हे न करता केलेली कोणतीही तुलना व्यर्थ आहे, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. सगळे टोन कंट्रोल मध्यावर ठेवले, मी पाठ करून बसलो आणि भाचीने मला न सांगता वायरी बदलल्या. सीडीवरून मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर ऐकले, एक सतारवादन ऐकले. बारा वेळांपैकी सात वेळा मी बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते, त्याच्या जवळपासच. नीट दुरुस्त केलेला जुना अॅम्प्लिफायर आणि चांगला नवा अॅम्प्लिफायर मर्यादित आवाजात, टोन कंट्रोल मध्यावर ठेवून ऐकले, तर माझ्या कानाला त्यांच्यात फरक करता येत नाही. उलट रात्री कानाला हेडफोन लावले, की २२३० मधली बारीकशी सूं ऐकू येते आणि ए-एस३०१ पूर्ण शांत असतो. ‘ऊब’ म्हणून जे वर्णन केले जाते, ते बहुतेक वेळा सुकलेल्या कंडेन्सरमुळे दबलेले वरचे स्वर तरी असावेत किंवा डायलच्या उजेडाचा मनावर झालेला परिणाम तरी असावा, असे माझे मत आहे.

मग तरीही माझ्या रेकॉर्ड आज २२३० वरच का वाजतात? याचे कारण दर्शनी पट्टीवरचे एक छोटे बटण आहे आणि त्यावर ‘मोनो’ असे लिहिलेले आहे.

माझ्या वडिलांचा संग्रह मुख्यतः साठच्या दशकातल्या ईपींचा, म्हणजे लहान तबकड्यांचा आहे. माणिक वर्मांची भावगीते, ज्योत्स्ना भोळे, वसंतराव देशपांडे यांची नाट्यपदे. त्यात मी जुन्या बाजारातून रविवारी सकाळी उचललेल्या रेकॉर्डची भर पडली आहे. या बहुतेक तबकड्या मोनो आहेत. मोनो तबकडीच्या खोबणीत गाणे फक्त आडव्या दिशेने कोरलेले असते, सुई डावी-उजवीकडे हलते तेवढाच आवाज. स्टिरिओ तबकडीत मात्र खोबणीच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज असतात, त्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची हालचाल टिपणारा भाग) सुईची वर-खाली हालचालही टिपते. मोनो तबकडीवर त्या वर-खाली हालचालीत गाणे अजिबात नसते. तिथे असते ती धूळ, झीज आणि टर्नटेबलची घरघर. मोनोचे बटण दाबले, की डावी आणि उजवी बाजू एकत्र होतात. आडव्या हालचालीचा संकेत दोन्हींत सारखा असल्यामुळे गाणे टिकते, तर उभ्या हालचालीचा संकेत दोन्हींत उलटा असल्यामुळे तो एकमेकांना खोडून टाकतो.

हे वाचायला तांत्रिक वाटेल, पण ऐकताना अंगावर काटा येतो. माणिक वर्मांची एक ईपी आमच्या घरी इतकी वाजली आहे, की तिचा चकाकणारा काळा रंग करडा झाला आहे. ए-एस३०१ वर ती लावली, की दोन्ही स्पीकरांतून पावसासारखी चुरचुर पसरते आणि आवाज त्या पावसाच्या पलीकडून येतो. २२३० वर मोनो दाबले, की चुरचुर पूर्ण जात नाही, पण ती आक्रसून आवाजाच्या मागे जाऊन बसते आणि बाई दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभ्या राहून गातात. हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. आईने ती पहिल्यांदा अशी ऐकली, तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, ही आपलीच का?” ए-एस३०१ वर हे बटण नाही आणि आजच्या बहुतेक स्टिरिओ अॅम्प्लिफायरवर ते सापडत नाही. ज्याच्याकडे जुन्या मराठी आणि हिंदी रेकॉर्डचा संग्रह आहे, त्याच्यासाठी या एका गैरसोयीची किंमत फार मोठी आहे. ज्यांना जुने यंत्र नकोच, त्यांनी दोन्ही बाजू जोडणारा छोटा स्विच फोनो प्री-अॅम्प्लिफायरच्या पुढे बसवून घ्यावा. काम तेवढेच होते.

दुसरे कारण मिडचे बटण. त्या काळच्या कित्येक तबकड्यांमध्ये आवाज नाकात बोलल्यासारखा पुढे आलेला असतो. बास आणि ट्रेबल कितीही फिरवले, तरी तो दोष हटत नाही, कारण तो मधल्या स्वरांत असतो. मिड दोन टक् खाली आणला, की गळा मोकळा होतो. लाउडनेसबद्दल मात्र मी यामाहाच्या बाजूने आहे. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. २२३० चे लाउडनेस बटण ते एका ठरावीक मापाने वाढवते आणि माझ्या स्पीकरांवर ते जास्त होते, तबल्याचा डग्गा खोलीभर घुमत राहतो. यामाहाचे लाउडनेसचे बटण हळूहळू फिरवता येते आणि ते मधले स्वर हवे तेवढेच खाली आणते. रात्री उशिरा ऐकायचे असेल, तर ते केव्हाही सरस आहे.

रेडिओबद्दल थोडक्यात. एफएमचा आवाज भरदार आहे, पण वरचे स्वर किंचित दबलेले वाटतात. एफएम केंद्रे वरचे स्वर वाढवून पाठवतात आणि रेडिओ ते पुन्हा खाली आणतो, याला डी-एम्फसिस म्हणतात. अमेरिकेत त्याचे माप ७५ मायक्रोसेकंदांचे असते आणि आपल्याकडे ५० चे, त्यामुळे हा सेट ते जरा जास्तच खाली आणतो आणि ट्रेबल एक टक् वर ठेवावा लागतो. मध्यम लहरीला काट्याचा फायदा होतो. आपल्याकडची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, पुणे केंद्र ७९२ वर. अमेरिकेतले आकडे दाखवणारे रेडिओ १० च्या पावलांनी जात असल्यामुळे ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतात. काट्याला असे बंधन नाही. मात्र घरातल्या एलईडी दिव्यांच्या खरखरीत मध्यम लहर ऐकणे आता कठीण झाले आहे आणि त्यात या सेटचा दोष नाही.

घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर किमान ३०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचे माप), खऱ्या तांब्याचा घ्यावा आणि टर्नटेबलपासून लांब ठेवावा. मी तो आधी टर्नटेबलच्या खालच्या फळीवर ठेवला होता आणि सुई टेकली, की हम (सततची गुणगुण) यायचा. आठवडाभर मी अर्थिंगच्या वायरी तपासत बसलो. ट्रान्सफॉर्मर दोन हात बाजूला सरकवताच हम नाहीसा झाला. दुसरे म्हणजे जागा. सेट पंधरा किलोच्या आसपास आहे, चांगलाच तापतो आणि त्याच्या वर काहीही ठेवता येत नाही. बंद कपाटात तर अजिबात नको.

ज्यांचे ऐकणे मुख्यतः फोनवरून किंवा स्ट्रीमिंगवरून होते, त्यांनी हा सेट घेऊ नये. त्रेपन्न हजारांत आज त्यांना हमीसह नवा अॅम्प्लिफायर आणि बरोबर चांगले स्पीकर मिळतील आणि आवाजात खरा फरक स्पीकरच पाडतात. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत आणि ज्यांच्या गावात अशा काकांसारखे एखादे माणूस अजून दुकान उघडते, त्यांनी मात्र २२३० जरूर ऐकावा. आमच्याकडे आता यामाहा दिवाणखान्यात टीव्हीला जोडलेला आहे आणि मॅरान्ट्झ माझ्या खोलीत टर्नटेबलशेजारी आहे. गेल्या महिन्यात डायलचा एक दिवा गेला आणि उजवीकडचा भाग अंधारात राहिला. फ्यूजसारखा दिसणारा तो आठ व्होल्टचा दिवा काकांनी डब्यातून काढून दिला आणि घरी चार स्क्रू काढून मी तो स्वतःच बसवला.